शेवटची गाडी गेल्यावर

कोरड्या काळ्या मातीवर ज्वारीची कणसं पडतात तेव्हा आवाज फार होत नाही. आधी एक बोथट धप्प, मग सुटलेल्या दाण्यांची बारीक सरसर. हा आवाज मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्या कवितेमुळे तुम्ही मला ओळखता त्या कवितेलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते तसंच जड राहू दे.

मी शहरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. एक क्रियापद मी जरा जास्तच जीव लावून शिकवते — ग्लीन. कापणी करणारे पुढे गेल्यावर मागे पडलेली कणसं वेचायची, हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीनं ते जुन्या फ्रेंचकडून घेतलं, फ्रेंचनं उतरत्या काळातल्या लॅटिनकडून, आणि त्याआधी ते बहुधा केल्टिक लोकांच्या तोंडी होतं. आता शेतं मागं राहिली. इकडूनतिकडून माहितीचे कण जमवणं, एवढाच अर्थ मुलांना ठाऊक असतो. मी फळ्यावर शेजारी आपला शब्द लिहिते — सरवा. वर्गात लगेच मातीचा वास आल्यासारखं होतं. मला ते आवडतं. का आवडू नये?

एकदा सिल्लोडकडची एक मुलगी उठली. "मॅडम, आमची आजी मक्याचा सरवा वेचायची. तुम्ही बी वेचलाय ना? कवितेत हाय की."

मी म्हणाले, "हो."

कवितेत आहेच. दुष्काळातलं रान, वेचणारी मुलगी, तिचा भरलेला पदर, आणि काठी आपटत तो रिकामा करायला लावणारा मालक. मुलगी 'मी' आहे. लोक ऐकून डोळे पुसतात. मी पुसू देते.

मी कधीच सरवा वेचलेला नाही. रान आमचं होतं.

गंगापूरच्या रस्त्याला, वाळूजच्या पुढं. आज तिथं प्लॉटांचे दगड रोवलेत आणि रात्रभर कंपन्यांचे दिवे जळतात. तेव्हा शाळू उभा असायचा. कणसांची शेवटची गाडी बांध ओलांडून गेली की रान वेचणाऱ्या बायांचं — हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नसे. मालकानं मागं वळून पाहायचं नाही. माझ्या वडिलांनी जन्मभर पाहिलं नाही. गाडीमागून चालताना ते मुद्दाम बैलांशी बोलत राहत.

आणि कवितेतला काठीवाला मालक? तो मी वडिलांवरून रचला. त्यांच्या मिशा, त्यांचा खाकरा, त्यांची टोपी — सगळं त्यांचंच घेतलं. काठी तेवढी माझी. त्या कवितेसाठी माझा सत्कार झाला त्या दिवशी ते पहिल्या रांगेत होते. कविता संपली. टाळ्या थांबेपर्यंत ते टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पुढं मरेपर्यंत त्या कवितेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही.

त्या दिवशी रानात मी जे केलं ते दुष्काळामुळं, असं म्हणू का? नाही म्हणणार. आमच्या घरची भाकरी त्या वर्षीही ताटाबाहेर येत होती. वय लहान होतं? कॉलेजात होते मी. शहरात, छावणी भागात खोली घेऊन राहत होते, इंग्रजी कविता तोंडपाठ होत्या. वडिलांनी राखणीला ठेवलं होतं? तेही नाही. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. गाडी गेली, वडील गेले, मी लिंबाखाली पुस्तक घेऊन मागं राहिले — एवढंच.

बाया बांधावरून रानात उतरल्या. पुढं भागाबाई होती. गावाबाहेरच्या वस्तीवरची, त्या साली चाऱ्यापायी तिच्या घरच्यांनी मेंढरं विकली होती. कणसं विरळच होती, तरी तिचा पदर अर्धा भरला. मी पाहत होते. मागं वळून पाहायचं नसतं, आणि मी टक लावून पाहत होते. मग उठले.

"ते खाली ठेवा."

ती हसली. थट्टाच वाटली तिला. "ताई, गाडी गेली की! आता रान आमचं हाय. जा तुम्ही घरी, ऊन लागंल."

आमचं! त्या एका शब्दानं माझ्या कानशिलात काहीतरी पेटलं. दाण्यांचा लोभ मला नव्हताच, म्हणून तर हे अधिक वाईट. मला फक्त ते रान कुणाचं आहे, हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी पुन्हा म्हणाले — सगळं, आत्ता. बाकीच्या बाया होत्या तिथं वाकलेल्याच थांबल्या.

त्या कणसांचं पुढं काय झालं? काही नाही. मी ती उचलली नाहीत; मला वाकायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी साळुंक्या होत्या त्यांच्यावर.

ती कविता मी मागं घेणार नाही. ती चांगली आहे. पण पदर भागाबाईचा होता आणि काठी माझी होती, हे यापुढं वाचणाऱ्यानं जाणून वाचावं. वडिलांचा तिथं काही संबंध नव्हता.

तिनं गयावया केली नाही. लहानपणापासून मला 'ताई, तुम्ही' म्हणत आलेली ती बाई सरळ माझ्यासमोर आली, पदराची दोन्ही टोकं सोडली — धप्प, मग ती सरसर, माझ्या चपलांवर — आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"घे."