तिला टेबलावरून उठवलं

जिच्यावर अन्याय झाला ती दुसरीत शिकणारी सात वर्षांची मराठी मुलगी आहे. राहते कॅनडात, ब्रॅम्पटनमध्ये. कधी झाला तेही सांगते: मार्च ब्रेकची सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या रिसेसच्या जरा आधी. तिला माझ्या टेबलावरून उठवलं, शर्टावर चकाकता स्टिकर लावला आणि वर अभिनंदनही केलं. कोणी? तिच्या शाळेने आणि तिच्या आईबापांनी, दोघांनी मिळून.

टेबल म्हणजे शाळेच्या लायब्ररीच्या कोपऱ्यातलं अर्धगोल टेबल. दुसरीत येऊनही ज्यांना वाचता येत नाही अशी तीन मुलं तिथे रोज अर्धा तास माझ्यासमोर बसतात. मी शाळेत सहायक आहे. शिक्षिका वर्गात पंचवीस जणांना सांभाळते, तेव्हा मी या तिघांना अक्षराचा आवाज, आवाजाला आवाज जोडून शब्द, असं हळूहळू चढवत नेते. तीनच खुर्च्या असतात, कारण चौथं मूल आलं की पहिलं खिडकीबाहेर बघायला लागतं.

ही मुलगी ऑक्टोबरात आली तेव्हा पुस्तकातली चित्रं बघून गोष्ट सांगायची आणि तिला वाटायचं, हेच वाचणं. चित्रात घोडा असला आणि शब्द 'पोनी' असला तरी ती ठणकावून 'हॉर्स' म्हणायची. मी चित्रांवर पिवळे कागद चिकटवायला लागले. त्यावर ती रडली, मला 'मीन' म्हणाली, टेबलाच्या पायाला लाथा मारल्या. मी कागद काढले नाहीत. चार महिने आम्ही असे भांडत होतो. मग फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जॅकेट चढवून बाहेर पडताना, ती शाळेच्या दारातल्या मोठ्या पेटीपाशी थांबली. पायऱ्यांवर बर्फ झाला की त्यावर टाकायची वाळू असते ना, ती पेटी. त्यावरच्या अक्षरांखालून तिने हातमोज्यातलं बोट फिरवलं. स्, ॲ, न्, ड्. "सँड!" मग तिने झाकण वर ढकलून आत पाहिलं. खरंच वाळू होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "इट्स ट्रू!"

वाचन हे एवढंच असतं. कोणी न सांगितलेलं कळणं, आणि ते खरं निघणं.

आता तिच्या घरी चला. वडील पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये. आई नागपूरची, घरूनच अकाउंट्सचं काम करते. मी त्यांना दादा-वहिनी म्हणते, कारण मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत आमची ओळख जुनी आहे. चांगली माणसं आहेत, हे वाक्य माझ्याकडून अपेक्षित आहे याची मला कल्पना आहे. ते मी लिहिणार नाही.

झालं असं की त्यांच्याच गल्लीतला एक मुलगा तिच्या वर्गात आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच्या आईने वाण घेता घेता सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, तुमची लेक त्या स्लो टेबलवर बसते म्हणे? आमचा सांगत होता." बस. त्या दिवसापासून त्या घरात एकच ध्यास: पोरीला टेबलावरून उठवायचं. वाचायला शिकवायचं नव्हे, उठवायचं.

उठवण्याचा रस्ता दादांनी शोधून काढला. शाळेत वाचनाच्या पायऱ्या असतात. शिक्षिका मुलाला जवळ बसवते, ठरावीक छोटं पुस्तक वाचायला देते, चुका मोजते. ठरलेली पायरी गाठली की टेबल सुटतं. परीक्षेची ती पुस्तकं वर्षानुवर्षं तीच असतात. दादांनी तोच संच कोणाकडून तरी सेकंडहँड मिळवला आणि मार्च ब्रेकमध्ये, शेजारची मुलं बर्फाच्या ढिगाऱ्यांवरून घसरत असताना, पोरीला बेसमेंटमध्ये बसवून तो तिच्याकडून पाठ करून घेतला. आई वाचायची, ती मागून म्हणायची. जेवताना म्हणायची, आंघोळीला जाताना म्हणायची.

मला हे कळलं ते ब्रेकच्या शेवटच्या शनिवारी, तिच्या धाकट्या भावाच्या बर्थडेला. त्याच बेसमेंटमध्ये केक कापून झाला, आणि दादांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "आता आमची मोठी तुम्हाला वाचून दाखवणार आहे!" मुलीला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं केलं. तिच्या हातातलं पुस्तक मी लगेच ओळखलं. ते शाळेच्या कपाटात कुलूपबंद असतं.

तिने वाचलं. अगदी छान, हावभावांसकट. फक्त डोळे पुस्तकात नव्हते, आईच्या ओठांकडे होते. पानं उलटायला ती थोडी उशीर करत होती. टाळ्या पडल्या. कोणी तरी म्हणालं, "हिला कोण स्लो म्हणतं रे?" आणि गल्लीतल्या त्या बाईने केकची डिश खाली ठेवून अगदी लक्ष देऊन टाळ्या वाजवल्या.

तिथे एक काका होते, पन्नासेक वर्षांपूर्वी इकडे आलेले, आता रिटायर्ड इंजिनिअर. टोरांटोतल्या एटोबिकोहून खास आले होते. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, मधलंच एक पान उघडलं आणि तिच्या नाकासमोर धरलं.

"वा गं पोरी! आता हे पान वाच बघू."

ती त्या पानाकडे बघत राहिली. मग तिने श्वास घेतला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"अरे, टेप आहे ही!" काका खो खो हसले. "रिवाइंड होऊन सुरूच होते!"

सगळे हसले. बाकीच्या मुलांना काय झालं ते कळलं नाही, पण मोठे हसतायत म्हणून सगळी मुलंही हसली. एक जण "रिवाइंड, रिवाइंड" करत तिच्याभोवती गोल फिरायला लागला. दादाही हसले. मुलगीसुद्धा हसली, कारण तिला वाटलं आपण काही तरी गमतीचं केलं. तेवढ्यात तिला आईचा चेहरा दिसला आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

थोड्या वेळाने मी वॉशिंग मशीनच्या बाजूला पेपर नॅपकिन आणायला गेले, तेव्हा वहिनी तिचा दंड धरून उभ्या होत्या. "लाज आणलीस ना? सगळ्यांसमोर?" बोटं आत रुतली होती. मला पाहून त्यांनी हात सोडला.

"वहिनी, ती वाचायला शिकतेय. खरंच शिकतेय. तीन-चार महिने द्या फक्त."

"तू शाळेत काही बोलू नकोस हं. सांगून ठेवते. माझी मुलगी मंद नाहीये."

"मी मंद म्हटलंच नाही."

"तुझ्या टेबलावर बसली की सगळं जग म्हणतं, तुला म्हणायची गरजच नाही."

काकांच्या त्या हसण्यातून त्या घराने काय धडा घेतला असेल? पोरीला वाचता येत नाही, हा? नाही. पाठांतर कच्चं आहे, हा. रविवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, तिच्याकडून प्रत्येक पान सुटं पाठ करून घेतलं गेलं. चित्र दाखवायचं, तिने त्या पानाचा मजकूर म्हणायचा. मधूनच उघडायचं, उलटंपालटं करायचं, तिने चुकायचं नाही. चुकली की नवं सायकल हेल्मेट परत जाणार होतं. हे मला तिनेच नंतर सांगितलं.

सोमवारी ती परीक्षेला बसली आणि एकही चूक झाली नाही.

मी शिक्षिकेला सगळं सांगितलं. म्हटलं, तिला न पाहिलेलं कुठलंही पुस्तक द्या, लायब्ररीतलं द्या, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरची अक्षरं द्या, दोन मिनिटांत कळेल. शिक्षिका दमलेली बाई आहे. तिने मान हलवली आणि मला प्रिन्सिपलकडे पाठवलं. प्रिन्सिपलनी हसून सांगितलं की ठरलेली पुस्तकं म्हणजे ठरलेली पुस्तकं, पालक खूश आहेत, आणि खुर्चीसाठी बाहेर दुसरी मुलं थांबलेली आहेत. मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. खुर्ची हवी होती.

रिसेसच्या आधी स्टिकर लागला. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत नवीन मुलगा बसला होता. तो गोड आहे, त्याचा काही दोष नाही.

मुलीला आता वरच्या पायरीची पुस्तकं मिळतात. ओळी लांब, चित्रं लहान. वर्गात वाचनाचा तास सुरू झाला की तिच्या पोटात दुखतं आणि ती वॉशरूममध्ये जाते. तास संपेपर्यंत तिथेच बसते. वर्गातल्या पोरांनी तिला नाव ठेवलंय, 'वॉशरूम गर्ल'. हे नाव पहिल्यांदा कोणी काढलं, सांगू? गल्लीतल्या त्याच मुलाने. टेबल सुटलं, पण तिला चिडवणारा तिथेच राहिला.

मी दादांना शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाठलं. ते गाडीतून उतरले नाहीत, काच अर्धी खाली केली.

"हे बघ, मी पण पाठ करूनच इंजिनिअर झालो."

"तुम्हाला वाचता येत होतं, दादा. वाचून पाठ केलंत. ती ऐकून पाठ करतेय."

"येईल हळूहळू. तू जरा तुझी पत्रकबाजी बाजूला ठेव. हा काही वेअरहाउसचा संप नाहीये."

बरोबर आहे. वेअरहाउसच्या गेटवर मी कामगार संघटनेची पत्रकं वाटते तेव्हा समोरचा माणूस मोठा असतो, तो स्वतः 'नाही' म्हणू शकतो.

आणि मग एप्रिलमधला एक रिसेस. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होता, म्हणून मुलं आतच होती. ती लायब्ररीत आली. टेबलाकडे बघितलं नाही, सरळ माझ्याकडे आली. स्वेटरच्या आतून तिने एक पुस्तक काढलं. पुढच्या पायरीचं.

"ताई, कॅन यू रीड इट टू मी? जस्ट वन टाइम. आय रिमेम्बर फास्ट."

"आपण दोघी मिळून वाचू. पहिला शब्द बघ. बोट ठेव."

तिने बोट ठेवलं नाही. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा वेळ खातेय.

"नो. दॅट्स द बेबी वे. मम्मी सेज आय डोन्ट डू दॅट एनीमोर." आणि मग, अगदी तिच्या आईच्या सुरात, मराठीत, "तुला वाचायचं नसेल तर राहू दे."

ती पाचवीतल्या एका मुलीकडे गेली. त्या मुलीने तिला पुस्तक वाचून दाखवलं. मी लांबून पाहत होते. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. पानांकडे एकदाही पाहिलं नाही. जी मुलगी झाकण उघडून खात्री करून घेत होती, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून डोळे मिटायला शिकवलंय. 'आम्ही' म्हणते, कारण माझा पगारही त्याच शाळेतून येतो.

जूनच्या शेवटी शाळा सुटेल. तिसरीत अशी टेबलं नसतात. तिसरीत मुलांना वाचता येतं असं धरून चालतात, आणि गणितसुद्धा वाचून सोडवायला देतात. तिच्याकडे दोन महिने आहेत. पुन्हा टेबलावर बसायला मिळायला फार काही लागत नाही. आईने किंवा बापाने शाळेला सांगायचं, की हिला न पाहिलेलं पुस्तक देऊन पुन्हा तपासा. पालकांनी मागितलं तर शाळेला तपासावं लागतं. मी मागितलं तर प्रिन्सिपल घड्याळाकडे बघतात.

त्या बर्थडेला तुम्हा मंडळातल्यांपैकी बरेच जण होतात. तुम्ही केक खाल्लात, टाळ्या वाजवल्यात, 'रिवाइंड'वर हसलात. तुमच्याकडे वहिनींचा नंबर आहे. माझा फोन त्या आता उचलत नाहीत, तुमचा उचलतील. हळदीकुंकवाला ज्या बाईने विचारलं होतं, तिने तर आधी करावा. मुलगी मंद नाही म्हणून सांगा, तुमचा मुलगाही पहिलीत अडखळला होता म्हणून सांगा, खोटं असलं तरी सांगा. पण त्यांच्याकडून शाळेला ते एक वाक्य जाऊ द्या: आमच्या मुलीला वाचता येत नाही, तिला तिची खुर्ची परत द्या.

आजच फोन करा.