गोऱ्या पणजोबांची नोंद

लेक नोकरीला जर्मनीत गेली आणि तिथून मागंच लागली, "आई, तुझे ते गोरे पणजोबा नेमके कोण होते, शोध ना."

घरात एवढंच ठाऊक होतं, की खजुरीकडं कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिन बसवायला एक जर्मन मिस्त्री आला, आमच्या पणजीजवळ राहिला आणि इथंच वारला. लोक पणजीला 'ठेवलेली' म्हणत. म्हणून ही गोष्ट बाहेर काढायची नाही, असा अप्पांचा, माझ्या वडलांचा, दंडक होता.

तो मी मोडला तेव्हा अकरा वर्षांची होते. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला बसवकल्याणकडचे पाहुणे आले होते. अक्काचे डोळे घारे, थेट पणजोबांवर गेलेले. मुलाच्या आत्यानं मला परसात गाठून लाडानं विचारलं, "अक्काचे डोळे असे कसे गं?" मी फुशारकीनं सगळं सांगून टाकलं. पाहुणे जेवून गेले ते गेलेच. गोष्ट गावोगाव फिरली. चार वर्षांनी अक्काला मंठाळच्या एका बिजवराला दिली. त्याला आधीची दोन लेकरं होती. माझे डोळे काळे. माझं लग्न वेळेवर झालं.

कुणी फोडलं, हे मी कधीच बोलले नाही.

गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर बिदरच्या एका जुन्या चर्चात पाच-सहा चकरा मारल्या. तिथल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी कपाटातून नोंदवही काढून दिली. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण ते पान शाबूत होतं. पणजोबांचं नाव, जर्मनीतलं गाव, धंदा इंजिन मिस्त्री. शेजारी पणजीचं नाव. नोंद लग्नाची होती. फोटो काढला आणि लेकीला पाठवायच्या आधी मंठाळची बस धरली.

अक्का ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. मी नोंद वाचून दाखवली. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे लगीन झालतं."

"व्हय अक्का. रीतसर."

मग मला राहवलं नाही. "त्या पाहुण्यांना मीच सांगितलतं. त्या आत्यानं इचारलं नि मी बोलून गेले."



"मला वाटलं अप्पांनी सांगितलं. खोटं बोलणं जमायचं न्हाई त्यांना." तिचा आवाज खाली गेला. "लग्नानंतर मी त्यांच्यासंगं धड बोलले न्हाई. शेवटच्या दुखण्यात सांगावा आला, तवा बी गेले न्हाई."

ती आली नव्हती, हे मला ठाऊक होतं. का आली नाही, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. त्या दिवसांत अप्पांच्या उशाशी मीच बसलेली असे. "अक्का यायलीय का?" ते विचारत, आणि मी "येईल" म्हणून त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घाली.

"कामून सांगायलीस आता?" अक्कानं विचारलं.

मी उठून पिशवी उचलली. दुपारच्याच बसनं परतले. दर खेपेला ती डाळ बांधून देते, त्या दिवशी दिली नाही.

फोटो बघून लेक हरखली. तिथल्या गावच्या कचेरीला लिहिते म्हणाली. तिला मी फक्त नोंदीचं सांगितलं.

अक्काला दर रविवारी फोन करते. ती उचलते, बरी आहे म्हणते आणि फोन सुनेकडं देते.