पाठीवरची खाच

आखातात फुटबॉलच्या विश्वचषकासाठी स्टेडियम उभी राहत होती तेव्हा बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत रत्नागिरीकडचा एक म्हातारा दर शुक्रवारी चाकूंना धार लावायला बसे. घडीचा चाकू कानाशी उघडून तो पातं अडकल्याचा आवाज ऐके आणि चाकूचं वय सांगे.

मी त्याला वडिलांचा चाकू दिला. मी तीन वर्षांचा असताना ते याच देशात कामाला असताना वारले, तेव्हा तो त्यांच्या खिशात होता, असं आई सांगायची.

त्याने चाकूच्या पाठीवरच्या खाचेवरून नख फिरवलं. "भाऊ, जुन्या चाकूंची पाठ सपाट असते, ही खाच नंतर आली. हा वीस वर्षांपेक्षा जुना नाही."

"त्यांना जाऊन तीस वर्षं झाली."

त्याने चाकू हळूच मिटला. "मग हा तुमच्या घरी कुणी आणून दिला?"

सांगायला आई आता नाही. शहरातल्या बिन महमूद वस्तीत वडिलांच्या वयाचा एखादा म्हातारा खिशात हात घालतो, तेव्हा चाकू निघतो का, हे मी थांबून बघत राहतो.