विमान नव्हतं

मैलापूरच्या इस्त्रीवाल्याकडे खळीचा वास आला, की मला ओरगडमच्या कारखान्यातली ती खोली आठवते. समोर कडक गणवेशातले हवाई दलाचे अधिकारी. आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या गच्चीवरून आम्ही सगळ्यांनी आकाशात एक नारिंगी दिवा पाहिला होता, बराच वेळ जागचा न हललेला. त्याचीच चौकशी होती.

मी प्रोबेशनवर होतो. दाराशी मॅनेजर कुजबुजले होते, "विमान म्हण, तंबी, धाकटा भाऊ समजून सांगतोय. सगळ्यांनी तेच सांगितलंय, चौकशी लांबायला नको. नोकरी टिकवायचीय ना?"

अधिकाऱ्यांनी मला हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायला लावला.

"केवढा होता? नखाएवढा?"

"अर्ध्या नखाएवढा, सर."

"इंजिनियर ना तुम्ही? मग काय होतं ते?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शिकलेल्याला सगळं ठाऊक असतं, असं आई गावभर सांगायची.

"माहीत नाही, सर. पण विमान नव्हतं. विमान असं थांबत नाही."

तेव्हा त्या 'माहीत नाही'ची लाज वाटली होती. आज त्याचाच अभिमान वाटतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या वेळी या भागात एकही विमान नव्हतं. तुम्ही कामाला लागा. आणि मॅनेजरना आत पाठवा."