काळे सरांच्या तासाला उर्दू बंद

"सर गेले गं," शाहीन फोनवर म्हणाली. आम्ही दोघी उर्दू शाळेतल्या मैत्रिणी, एकमेकींशी आपणहून मराठीत कधीच बोललो नव्हतो. ही बातमी मात्र तिच्या तोंडून मराठीत आली... का, ते तिलाही सांगता येईना. या गोष्टीला महिना झाला. मला अजून रडू आलेलं नाही, आणि तेही का, ते कळत नाही.

चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी काळे सर भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी उर्दू शाळेत आले. आठवीला मराठी शिकवायला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "माझ्या तासाला उर्दू बंद. पाणी मागायचं तरी मराठीत मागा." पुढे मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत हाच नियम झाला. सरांना उर्दू कळतच नाही अशी आमची खात्री, म्हणून त्यांच्या टोपीवरून, चालण्यावरून आम्ही पुटपुटत हसायचो. ते फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. दिवाळीपर्यंत मी मराठीत भांडायला लागले. शाहीन गणितात सगळ्यांच्या पुढे, पण मराठीत बोलायचं म्हटलं की घामाघूम.

एका दुपारी तिच्या शेजारच्या खालानं, म्हणजे मावशीनं, वर्गाच्या खिडकीतून तिला काही सांगितलं. शाहीन उठली. "सर, मेरी नानी..."

"मराठीत सांग."

तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. ती खाली बसली. मी तिच्या बाजूलाच होते, मला सांगता आलं असतं. मीही गप्प राहिले. शाळा सुटल्यावर ती धावली, तोवर घरचे सगळे टेंपोनं नानीच्या गावाला निघून गेले होते. नानीचं तोंड तिला शेवटचं बघायला मिळालं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळा सोडली.

कळल्यावर सर तिच्या घरी गेले. वाट दाखवायला मी होते. तिच्या वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "भाईसाहब, कुसूर मेरा है. बच्ची को वापस भेजिए." इतकी साफ उर्दू मी गावात ऐकली नव्हती. वडील "देखेंगे" म्हणाले. ती आली नाही.

परतताना मी विचारलं, "सर, तुम्हाला उर्दू येते?"

"निजामाच्या राज्यात शिकलो मी. घरची भाषा दाराबाहेर ठेवून वर्गात बसायचं. लई रडलो, पण उर्दू आली." थोडं चालून म्हणाले, "वाटलं, तुमाला मराठी अशीच येईल. उद्या तहसीलीत, दवाखान्यात कुणाच्या तोंडाकडं बघायला नको... बराबर केलं का न्हाई, मलाच कळून न्हाई राह्यलं."

त्याच मराठीच्या जोरावर मला नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली. आभार मानायला कितीदा निघाले, आणि शाहीन आठवून थांबले.

गेल्या आठवड्यात हसनाबादला सरांच्या घरी गेले, तर शाहीन आधीच त्यांच्या बायकोजवळ, काकूंजवळ बसलेली. मी हळूच विचारलं, "गुस्सा उतरा?"

"नहीं. लेकिन घर में बैठा नहीं गया."

काकूंनी सरांच्या खोलीतून एक उर्दू वर्तमानपत्र आणलं. "रोज वाचायचे. अजून येऊन राह्यलं. मला काय कळतंय त्यातलं? बंद करू का?"

शाहीननं ते हातात घेतलं. एकेक ओळ उर्दूत वाचून ती काकूंना मराठीत सांगू लागली. लग्नानंतर बाजारहाट करता करता शिकलेली मराठी, सावकाश. मग एका शब्दापाशी अडली. माझ्याकडे बघितलं. मलाही सुचेना. दोघींची नजर आपोआप सरांच्या खोलीकडे गेली...

"ऱ्हाऊ द्या तसाच," काकू म्हणाल्या. "पुढं वाचा."