लाल पेटीतले देश
परवा मोशीला जुन्या शिफ्टमधले आम्ही जेवायला जमलो, तेव्हा एकाच्या शर्टाला मशिनच्या कूलंटचा आंबूस वास आला आणि मला निघोजे गावातल्या आमच्या कंपनीचा ट्रेनिंग हॉल आठवला. तेव्हा पगारवाढीची बोलणी चालू होती आणि साहेबांनी आमच्यासाठी अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक बोलावले होते. चहाबरोबर काजू बिस्किटं आली, तिथंच मला शंका आली. पडद्यावर काही देशांच्या दरडोई उत्पन्नाच्या रेषा होत्या. डावीकडे विखुरलेल्या, उजवीकडे वेणीसारख्या एकत्र आलेल्या. "गरीब देश वेगानं वाढतात आणि शेवटी श्रीमंतांना गाठतात," प्राध्यापक म्हणाले. "तुमचे पगारही श्रीमंत देशांतल्या कारखान्यांएवढे होतील, धीर धरा." साहेब गोड हसले. तेव्हा माझ्या शेजारचे, माल तपासणारे निघोज्याचेच काका उठले. "सर, ह्ये देश निवडलं कसं?" "आज जे पुढारलेत, त्यांचेच जुने आकडे नीट मिळतात." "म्हंजे पास झालेल्या पेटीतलंच नग मोजलं आन् म्हणता, सगळा माल चांगला हाय. लाल पेटी कुठं हाय?" लाल पेटीत आम्ही नापास नग टाकायचो. प्राध्यापक पाणी प्यायले आणि साहेबांनी हॉलचे दिवे लावून कार्यक्रम आटोपला. हे आठवत असताना समोर जेवत बसलेला म्हणाला, "आपल्या शिफ्टमधल्या सगळ्यांचं भलं झालं राव, प्रत्येकाचा फ्लॅट झाला." मी मान डोलावणारच होतो, पण आधी ताटं मोजली. शिफ्टला आम्ही चाळीस जण होतो. ताटं अकरा होती.