टप नसलेली गाडी

लोणावळ्यात टप नसलेली गाडी मी जन्मात केली नव्हती. चार महिने पाऊस नुसता कोसळायचा आणि उरलेल्या दिवसांत मुंबईच्या बंगलेवाल्यांना ऊन सोसायचं नाही. टांगा असो की बैलांची धमणी, आधी टपाचं माप घ्यायचं आणि मग बाकीचं बोलायचं. बाजारात माझं दुकान होतं. चाकं, आस, कमानी सगळं मीच करायचो, पण लोक नावाजायचे ते टपासाठी. मलाही त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. तो पाळण्यात असताना आमच्या गावी, कुरवंड्यात, साथ आली आणि आई-वडील एकाच आठवड्यात गेले. त्याला मीच वाढवला. त्या गडबडीत माझं लग्न राहून गेलं, आणि ते राहिलं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा तो मला न विचारता पलटणीत भरती झाला. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो गेल्यावर मी दोघांचा भात टाकायचो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी फोडणीला घालायचो. एकट्यापुरता भात टाकायला हात तयारच होईना.

अशात एक दिवस सुभेदार दुकानात आले. हे टाकवे बुद्रुकचे पेन्शनर. पहिल्या लढाईत फ्रान्सपर्यंत जाऊन आलेले, आणि आता नव्या पोरांना शिकवायला सरकारने पुन्हा बोलावलेले. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर एका गाडीचं बाजूने काढलेलं चित्र होतं. पुढे मोटारीसारखी चाकं, मागे रणगाड्यासारखे साखळीचे पट्टे.

"मिस्त्री, अशी लाकडाची गाडी करून द्या. दीड वीत लांब. पोरांनी लांबून वळखली पायजे."

"पण ही आहे तरी काय? धड मोटार नाही, धड रणगाडा नाही," मी म्हटलं.

सुभेदार फळीवर बसले. "जर्मनाची हाय. आमच्या येळंला कसं व्हायचं, रणगाडा पुढं जायचा न् शिपाई चिखलात मागं ऱ्हायचा. एकटा पडलेला रणगाडा मग कुणी बी मारावा. जर्मन हरला, पर घरी जाऊन इचार करत बसला. आता त्यानं पायदळालाच पत्र्याची गाडी दिलीया. रणगाडा जिकडं, शिपाई तिकडं. गोळ्या लागत्यात पत्र्याला, माणसं आत शाबूत. जवळ आलं की उड्या टाकायच्या न् लढायचं."

"सगळ्यांनाच अशा गाड्या?"

"छ्या! थोड्यांना. बाकीचं कुणी ट्रकात, न् लय जण अजून पायीच. त्यांच्या तोफा बी घोडंच वढत्यात."

घोडागाड्या म्हटल्यावर मला त्या जर्मनांविषयी उगाच आपुलकी वाटली. त्यांच्याकडेही कुणीतरी माझ्यासारखा आस घासत बसत असेल.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन मी कामाला लागलो. चाकं झाली, पट्ट्यांसाठी चामड्याची वादी खाचा पाडून बसवली. वरच्या भागाशी येऊन अडलो. बाजूच्या चित्रात गाडीच्या कडेची नुसती एक रेघ होती. तिच्या वर काय, ते चित्र सांगत नव्हतं. मी क्षणभरही विचार केला नाही. दहा-बारा माणसं बसवायची गाडी आणि तिला टप नाही, असं कुठे असतं का? बांबूच्या कामट्यांच्या चार कमानी वाकवल्या, वरून मेणकापड ताणलं आणि कडेला बारीक लोखंडी चुका ठोकल्या. इतका नेटका टप मी खऱ्या टांग्यालाही कधी घातला नव्हता.

सुभेदारांनी गाडी फिरवून फिरवून पाहिली. "ब्येस! पाऊस लागला तर मानसं भिजतील का न्हाई?" म्हणाले. ते टाकव्याचे, मी कुरवंड्याचा, दोन्ही धो धो पावसाची गावं; आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांच्या गोऱ्या साहेबाने पट्टे तेवढे मोजले. छावणीत पोरं त्या गाडीला जर्मन धमणी म्हणू लागली. तीस पावलांवरून दाखवली की सगळी एका आवाजात ओरडायची, असं सुभेदार कौतुकाने सांगायचे. मी आणखी सहा करून दिल्या. पहिली मात्र परत मागून घेऊन दुकानात ठेवली.

जहाजावर चढण्याआधी धाकटा चार दिवसांच्या रजेवर आला. अंगाने भरला होता, मिशी राखली होती. दुकानात येऊन त्याने पहिली तीच गाडी उचलली.

"दादा, ही समोर आली न् आपुन वरनं हातबाँब टाकला तर?"

मी रंधा मारतच होतो. मानही वर केली नाही. "टपावरून घरंगळून खाली येईल, न् तुझ्याच पायाशी फुटेल. तू आपला आडोसा धर. गाडी जाऊ दे."

"व्हय," तो म्हणाला आणि गाडी फळीवर ठेवली. लहानपणापासून मी सांगेन ते तो असाच ऐकायचा. फक्त भरतीचं तेवढं ऐकलं नव्हतं.

तो गेल्यावर काही महिन्यांनी सुभेदार त्या सहा गाड्या घेऊन पुन्हा आले, पण या वेळी फळीवर बसले नाहीत. नवा कागद पुढे केला. लढाईत हाती लागलेल्या एका गाडीचा फोटो होता, वरून काढलेला. आत दोन बाजूंना दोन बाकं, आणि वर काही नाही. नुसतं आभाळ.

"उघडी हाय, मिस्त्री," ते हळूच म्हणाले. "उघडी हाय म्हणून तर कडंवरनं उड्या मारता येत्यात, उभं ऱ्हाऊन बंदुका चालवता येत्यात. न् उघडी हाय म्हणून जवळ गेलेला मानूस आत बाँब टाकू शकतो. तिचं मरम तितंच हाय. साहेब लय बोलला मला."

साहेब त्यांना काय बोलला ते मी ऐकलंच नाही. मला फक्त धाकट्याचा "व्हय" ऐकू येत होता. सहा गाड्यांचे टप मी त्याच दुपारी उपटून काढले. कामट्या मोडताना बोट फाटलं, तरी थांबलो नाही. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर कुणीही नव्हतं.

मग पत्र लिहिलं. लढाईचं काही लिहिलं तर साहेबलोक काळी शाई फासतात, असं सुभेदार म्हणाले होते. म्हणून एवढंच लिहिलं: 'दुकानात तू हातात घेतली होतीस तसल्या धमण्यांचे टप मी काढून टाकले आहेत. खरी धमणी उघडीच असते. दादाचं चुकलं. ध्यानात ठेव.' पेटीत टाकलेलं पत्र परत मिळत नाही हे माहीत असूनही मी पोस्टासमोर बराच वेळ उभा राहिलो.

त्याची पत्रं यायची, पण माझ्या पत्राच्या आधीची. इटलीत आहे, चिखल आपल्यासारखाच आहे, डोंगर पाहून घरची आठवण येते. टपाबद्दल एक अक्षर नाही. मी रोज टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. शेजारचे दुकानदार म्हणायचे, "अरे, लढाईतला माणूस, उशीर व्हायचाच." त्यांचं बरोबर होतं. पण मी काय शिकवून पाठवलं होतं, ते त्यांना कुठे माहीत होतं?

पुढे पत्रं थांबली आणि सरकारी कागद आला. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी एक बोचकं आलं. त्यात कंगवा, एक सदरा, माझी जुनी पत्रं दोऱ्याने बांधलेली, आणि सगळ्यात वर टपाबद्दलचं ते पत्र. चिकटवलेलं तसंच होतं. कुणी उघडलं नव्हतं.

त्या दिवसापासून एवढंच माझ्या सोबतीला राहिलं: मी टप घातला म्हणून तो गेला. आडोसा धरला असेल, गाडी जाऊ दिली असेल, आणि ती गेली नसेल. हे मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी दुकान उघडताना तेच मनात, बंद करताना तेच. खोटं वाटेल, पण त्याच्याशी बोलायला माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं. रोज मी त्याची माफी मागायचो, आणि माफी मागताना तो समोर असायचा.

लढाई संपल्यावर शिरगावचा एक जण दुकान शोधत आला. धाकट्याच्याच पलटणीतला, शेवटपर्यंत त्याच्या शेजारी असलेला. मी त्याला चहा दिला. त्याने फळीवरची पहिली गाडी पाहिली. तिचा टप काढायला माझा हात कधी धजला नव्हता.

"ह्या गाड्यांनीच..." एवढंच मला बोलता आलं.

"गाड्या?" तो म्हणाला. "न्हाई हो दादा. तितं डोंगरात गाडी कुटं चढती? जर्मन बी पायी न् आमी बी पायी. सामान खेचरांवर. तुमचा भाऊ नदीकाठी पानी आणाया गेलता. लांबनं एक तोफंचा गोळा आला. बस. त्याला कळलं बी नसंल."

तो मला धीर द्यायला आला होता. असं ऐकून माणूस सुटतो म्हणतात. मला मात्र त्याचा राग आला. माझ्या भावाच्या मरणात माझं काहीच नव्हतं, माझी चूकसुद्धा नाही, तर मग आता मी त्याच्याशी काय बोलायचं?

मी गाडी उचलून त्याच्या हातात दिली. "नीट बघ. नीट आठव. अशी एक तरी गाडी दिसली असेल. टपाची नाही, उघडी. लांबून का होईना."

त्याने ती खरोखरच नीट पाहिली. टपावरून बोट फिरवलं, मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"न्हाई दादा. एक बी न्हाई."